शरदाची वर्गणी

पितृपक्ष संपत आला की पुण्याच्या हवेला एक वेगळीच तऱ्हा येते. पहाटे पायाशी ढकललेले पांघरूण चाचपडावे लागते, दुपारी बाराला तेच अंग घामाने भिजते आणि संध्याकाळी आभाळ असे काही धुऊन निघते की पर्वतीच्या पायऱ्या लांबूनही मोजाव्यात. पुढे आठ-पंधरा दिवसांत रस्त्याकडेच्या सातविणी फुलतात. त्यांच्या उग्र गोड वासाने काहींचे डोके दुखते, काहींना सुट्टीची आठवण येते. मी दुसऱ्या गटातला. आश्विन आणि कार्तिक, शरदाचे हे दोन महिने आपल्याकडे खरे म्हणजे तरुणांचे. पाऊस थांबलेला, डोंगर अजून हिरवे, सहामाही परीक्षेचे ओझे उतरलेले किंवा उतरण्याच्या बेतात, आणि पुढे दिवाळीची सुट्टी. खिशात मात्र पैसे नसतात. ते माझ्याही वेळी नव्हते, आजही बहुतेकांच्या खिशात नसतात.

हे लिहायला निमित्त झाले गेल्या शरदातले. माझ्या थोरल्या बहिणीची नात शिक्षणासाठी आमच्याकडे असते. कॉलेजचे दुसरे वर्ष. एका संध्याकाळी ती मोबाईल हातात घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"आजोबा, तुम्ही बँकेत होतात ना? मग एक हिशेब सांगा. आम्ही आठ जण आहोत. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचंय. लोणावळ्याजवळ एक रिसॉर्ट आहे, माणशी अडीच हजार. जास्त आहेत का?"

"तुला जास्त वाटतात का?"

"मला नाही, म्हणजे आई देईल. सगळेच हो म्हणाले. एक मैत्रीण सोडून. तिच्याकडे पाहुणे येणार आहेत त्या दिवशी."

मी पेपर बाजूला ठेवला. "पाहुणे आधी ठरले होते की आकडा आधी ठरला?"

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "आकडा."

"आणि याआधी तिच्याकडे पाहुणे कधी आले होते?"

पोरगी हुशार आहे. तिने बोटे मोजली. ऑगस्टमध्ये सिनेमाला जायचे ठरले तेव्हा त्या मैत्रिणीचे डोके दुखत होते. वाढदिवसाला मोठ्या हॉटेलात जेवायचे ठरले तेव्हा तिचा उपास होता. मात्र तळजाईच्या टेकडीवर सगळे भटकायला गेले तेव्हा तीच सगळ्यांत आधी येऊन उभी होती.

"हे मला दिसलंच नाही," नात म्हणाली.

मला कसे दिसले, ते सांगायचे तर सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षे मागे जावे लागेल. ते नातीला मी त्या दिवशी सांगितले नाही. नंतर सांगितले, तुम्हालाही पुढे सांगतो. त्या दिवशी आम्ही फक्त एवढेच ठरवले की रिसॉर्ट बाजूला ठेवायचे आणि या दोन महिन्यांत आठही जणांना हसत परवडेल असे काय काय करता येते त्याची यादी करायची. मी जुन्या सवयीने कागदावर उभ्या रेघा मारल्या. वर शीर्षक लिहिले : 'शरदाचे अंदाजपत्रक'.

पहिली नोंद नवरात्राची. भोंडला. नात म्हणाली, "तो लहान मुलींचा असतो." आमची सौ. आतून ओरडली, "कुणी सांगितलं?" सौ. पूर्वी लेडीज होस्टेलात राहिलेली. पाटावर हत्ती काढायचा, फुले वाहायची, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. कुठे याला हादगा म्हणतात आणि तो सूर्य हस्त नक्षत्रात असतो तेव्हा सोळा दिवस चालतो. कुठे तो नवरात्राचे नऊ दिवस. भांडवल किती? एक पाट, एक खडू, बागेतली चार फुले. खिरापत ज्याच्या घरची त्याने आणायची. आणि खरी मजा फेरात नसतेच, ती ओळखण्यात असते. लाडू, करंजी, वाटली डाळ असे ओरडून ओरडून घसे बसतात.

झाले असे की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठ जणांचा भोंडला झाला. त्यात तीन मुलगे होते. सुरुवातीला ते खांबाला टेकून उभे राहिले, तिसऱ्या गाण्याला फेरात आले आणि खिरापत ओळखताना सगळ्यांत जास्त आरडाओरडा त्यांनीच केला. ती 'पाहुणे'वाली मैत्रीणही आली होती. तिचा डबा कुणालाच ओळखता आला नाही. गोड की तिखट? गोड. तळलेले? हो. अनारसे? नाही. अर्धा तास झुंजून सगळे हरले तेव्हा तिने झाकण उघडले. लाल भोपळ्याचे घारगे. एकूण खर्च विचाराल, तर आमच्या वॉचमनच्या धाकट्या मुलाला दिलेल्या खडूच्या तुकड्यासह पंधरा रुपये.

दुसरी नोंद कोजागरीची. आश्विन पौर्णिमेच्या रात्री लक्ष्मी 'कोण जागे आहे' असे विचारत फिरते अशी आपली समजूत. ती देवी बँकेच्या कामाची असल्याने मी तिच्याविषयी आदराने बोलतो. पण कॉलेजच्या मुलांना जागे राहायला देवीचे निमित्त लागत नाही, गच्ची लागते. आठ जणांना दोन लिटर दूध पुरते. आटवायचे म्हणून थोडे जास्त धरा. साखर, वेलची, जायफळ, चार केशराच्या काड्या कुणाच्या तरी आईच्या डबीतून. सोबतीला भडंग. माणशी चाळीस रुपयांच्या वर खर्च जात नाही. मग पत्ते, अंताक्षरी, भुताच्या गोष्टी. एक गोष्ट मात्र मी बजावून सांगितली. गच्चीवर ज्या घरांची झोपायची खोली लागून आहे त्यांना आधी सांगायचे आणि दुधाचा पहिला पेला त्यांच्याकडे पाठवायचा. त्या पेल्यामुळे मध्यरात्रीच्या गाण्यालाही कुणी हरकत घेत नाही.

तिसरी नोंद रिसॉर्टच्या जागी आली. लोणावळ्याच्या दिशेलाच जायचे, पण लोकलने. शिवाजीनगरला लोकल पकडून मळवलीला उतरायचे. भाडे चहा-क्रीमरोलच्या पैशांत बसते. स्टेशनपासून चालत भाजे गाव, आणि गावावरच्या पायऱ्या चढून भाज्याची लेणी. एकूण बावीस. इसवी सनापूर्वीच्या काळातले, हातोडा-छिन्नीने डोंगर कोरून काढलेले चैत्यगृह, आणि एका विहाराच्या भिंतीवर वाद्य वाजवणारी बाई व तिच्या तालावर नाचणारी नर्तकी. दोन हजार वर्षे ती मैफल चालली आहे. तिथून पुढे गायमुख खिंडीतून लोहगड. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडून वर गेले की पवनेचे पाणी दिसते आणि पश्चिमेला विंचूकाटा ही लांबलचक माची डोंगराच्या शेपटीसारखी पसरलेली. युनेस्कोने 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला तो जुलै २०२५ मध्ये. त्यातले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. लोहगड त्या बारांत आहे. ज्यासाठी लोक परदेशात लाखो रुपये खर्चून जातात तसले ठिकाण आपल्याला लोकलच्या तिकिटात आहे.

लेण्यांना आणि गडाला पुरातत्त्व खात्याचे वीस-पंचवीस रुपयांचे तिकीट पडते. घरून डबा. परतताना एक चहा. सगळे मिळून दीडशे रुपयांत माणूस घरी परत येतो, तोही पायांत गोळे आणि डोळ्यांत सोनकीची पिवळी फुले घेऊन. खाली मावळात भात पिवळा पडत आलेला असतो. कापणी सुरू झाली असेल तर त्या ओल्या पेंढ्याचा वास येतो. तो वास बाटलीत भरून विकता येत नाही हे आपले नशीब.

चार गोष्टी वडीलधारेपणाने सांगाव्याच लागतात. परतीच्या लोकलची वेळ जाण्याआधी बघून ठेवावी. दुपारच्या वेळी गाड्यांमध्ये बरेच अंतर असते. माणशी दोन लिटर पाणी घ्यावे, शरदातले ऊन फसवे असते. कड्याच्या टोकावर पाठ करून फोटो काढू नये. गडावर आग्यामोहोळे असतात, तिथे धूर, आरडाओरडा आणि भडक अत्तर नको. आणि नेलेला कागद परत आणावा.

मुले कोजागरीनंतरच्या रविवारी जाऊन आली. आली ती थेट सोसायटीच्या कोपऱ्यातल्या मातीच्या ढिगाऱ्याकडे गेली. चौथी नोंद तिथून निघाली, ती माझ्या यादीत नव्हती. दिवाळीचा किल्ला. शाळकरी पोरे दरवर्षी करतात तसा मातीचा डोंगर आणि त्यावर मावळे. यावेळी या घोड्यांनी त्या पोरांना हाताशी धरून लोहगडच केला. विंचूकाटा किती लांब घ्यायचा यावर दोन दिवस भांडण झाले. पोत्यावर माती लिंपून त्यावर हळीव पेरले, चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा झाला. चार दरवाजांची वळणे बरोबर आली होती. इतिहासाच्या पुस्तकात दरवाजाला नागमोडी वाट का असते हे वाचलेले कुणाच्या लक्षात राहत नाही, पण ओल्या मातीत बोटाने ती वाट काढली की कळते की वर येणारा शत्रू प्रत्येक वळणावर तटावरच्या माऱ्याखाली येतो. खर्च शून्य. साबण मात्र एक संपला.

पाचवी नोंद माझ्या स्वार्थाची. दिवाळी अंक. 'मनोरंजन' मासिकाचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून ही परंपरा चालू आहे आणि माझ्यासारख्या लेखकांची दिवाळी त्यावर होते. पण एकेका अंकाची किंमत विद्यार्थ्याला झेपत नाही हेही खरे. त्यावर आमच्या वेळचा उपाय होता साखळीचा. आठ जणांनी दोघांत एक असे चार वेगवेगळे अंक घ्यायचे आणि आठवड्याने बदलायचे. महिन्याभरात प्रत्येकाचे चार अंक वाचून होतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे क्लिअरिंग हाउस. ज्यांना तेही नको, त्यांनी जवळचे वाचनालय गाठावे. दिवाळी अंकांची खास योजना बहुतेक ठिकाणी असते. आमच्या नातीने सांगितले, "आम्ही कविता पण मोठ्याने वाचल्या." मी विचारले, "माझी कथा?" ती म्हणाली, "तिच्यापर्यंत अजून पोचलो नाही."

सहावी नोंद आकाशाची. कोजागरीला चंद्र इतका असतो की तारे बुडतात. म्हणून नरकचतुर्दशीच्या आधीच्या पाच-सहा रात्री धरायच्या, तेव्हा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. शहराच्या दिव्यांपासून लांब, कुणाच्या तरी गावाकडच्या अंगणात सतरंजी टाकायची. रात्री आठच्या सुमारास पश्चिमेकडे अभिजित आणि श्रवण हे तेजस्वी तारे दिसतात. हंसातला ठळक तारा धरला की त्यांचा मोठा त्रिकोण होतो. डोक्याकडे सरकणारा भाद्रपदेचा चौकोन. पूर्वेला नुकताच वर येणारा कृत्तिकांचा पुंजका, मागोमाग रोहिणी, आणि जागे राहिलात तर साडेदहा-अकराला मृग. कार्तिक महिन्याला ते नाव का, तर त्याची पौर्णिमा कृत्तिकांच्या आसपास होते म्हणून. काळोख चांगला असेल तर देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो उजेड तिथून निघाला त्याला पंचवीस लाख वर्षे झाली. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी लोकांना आकाश दाखवायचे काम करते. अशा संस्थांच्या कार्यक्रमाला एकदा जावे, मग पुढच्या वेळी आपण इतरांना दाखवावे.

आणि सातवी, नोव्हेंबरची. थंडी पडू लागली की पाहुणे येतात, आणि हे पाहुणे खरे असतात. धोबी पक्षी तर त्याआधीच शेपटी हलवत ओढ्याकाठी हजर होतो. मुळा-मुठेवर लोणीच्या अलीकडे कवडी पाट आहे. तिथे पहाटे गेले की नारिंगी रंगाचे चक्रवाक दिसतात. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ हा सलीम अलींचा. एक दुर्बीण आठ जणांत फिरवली तरी चालते. पक्षी काही घाईत नसतात, आपण गोंगाट केला नाही तर.

अशा सात नोंदी. बेरीज केली. दोन महिन्यांचा, सातही गोष्टींचा, अर्ध्या-अर्ध्या दिवाळी अंकासकट माणशी खर्च सहाशेच्या आत बसला. रिसॉर्टच्या एका दिवसाच्या चौथाईत. नातीने कागदाचा फोटो काढून आपल्या मंडळींना पाठवला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आजोबा, तिच्याकडचे पाहुणे रद्द झाले."

ती हसली, पण मला हसू आले नाही. मग तिने विचारले, "तुम्हाला पहिल्या वाक्यातच कसं कळलं?" आणि मी माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढायला लावली. ट्रंकेतून एक वही काढली. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, वाण्याकडे असते तशी.

१९७९ साल. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचा सात जणांचा कंपू होता आणि मी त्याचा खजिनदार. खजिनदार मला कुणी केले नव्हते, मीच झालो होतो. चहाच्या पैशांपासून सगळे या वहीत लिहीत असे. जमा, खर्च, बाकी. आकडे सुरेख काढायची हौस होती आणि चोख असण्याचा गर्व होता. पुढे बँकेत अडतीस वर्षे निघाली ती त्या गर्वावरच.

कंपूत भोर भागातला एक मित्र होता. होस्टेलवर राहायचा, 'कमवा व शिका' योजनेत काम करून खर्च भागवायचा. त्याचे नाव आणि गाव लिहीत नाही, तशी त्याची अट आहे. डोंगरात वाढलेला. त्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही सिंहगडला गेलो तेव्हा आतकरवाडीच्या वाटेवर आम्हा शहरी पोरांची फासळी निघाली होती. तो पुढे चालून धुक्यात वाट दाखवत होता. वर देवटाक्याशी बसल्यावर त्याने फडके सोडले. आदल्या दिवशी घरी जाऊन आणलेल्या एकवीस भाकरी, माणशी तीन. मिरचीचा ठेचा, भाजलेल्या शेंगा. आम्ही अक्षरशः तुटून पडलो.

मग कोजागरी आली. कंपूतल्या एकाच्या सदाशिव पेठेतल्या गच्चीवर करायचे ठरले. वर्गणी तीन रुपये. सहा जणांनी दिली. कोजागरीच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या कँटीनमध्ये, दहा-बारा पोरे बसलेली असताना, मी ही वही उघडली आणि रेडिओवरच्या बातम्यांच्या सुरात वाचून दाखवले : "आणि आता थकबाकीदार. श्रीयुत अमुक अमुक, तीन रुपये बाकी!" सगळे हसले. तोही हसला. म्हणाला, "देतो रे उद्या."

उद्या तो आला नाही. निरोप आला, गावाकडून पाहुणे आलेत. दूध छान झाले होते. आम्ही रात्री दोनपर्यंत गात बसलो. त्यानंतर तो हळूहळू कंपूतून बाजूला झाला. दिवाळीच्या सहलीच्या वेळी त्याला घरी काम निघाले, पुढे आमचे वाट बघणेही थांबले. मी म्हणालो, 'माणूस घुम्याच आहे.' तिसऱ्या वर्षी तर नुसती मान हलवण्यापुरती ओळख राहिली.

१९९६ मध्ये माझी बदली एका तालुक्याच्या गावच्या शाखेत झाली. एके सकाळी काउंटरवर शाळेचा ड्राफ्ट काढायला एक मास्तर आले. सही बघितली आणि मान वर केली. तोच. केबिनमध्ये बसवले, चहा मागवला. बायका-मुले, नोकरी, आईवडील असे सगळे बोलून झाल्यावर मी विचारले, "त्या कोजागरीनंतर तू आलाच नाहीस. खरंच पाहुणे आले होते का?"

तो म्हणाला, "पाहुणे कुठले! होस्टेलवर सगळ्यांना सांगितलं होतं की मित्राच्या गच्चीवर जातोय. बारापर्यंतची परवानगी काढलेली. लवकर परत आलो असतो तर पोरांनी विचारलं असतं. मग लकडी पुलावर गेलो. तिथून ओंकारेश्वर. परत पूल. बारा वाजेपर्यंत चालत होतो. चंद्र मात्र फार सुंदर होता."

मला चहा गिळेना. मी म्हणालो, "अरे, तीन रुपयांसाठी? एकदा सांगायचंस."

"कुणाला? तुझी वही वाचून झाली होती." हे त्याने अगदी शांतपणे सांगितले, रागाने नाही. "आणि तू वाचलंस ते खोटं कुठं होतं? बाकी होतीच." मग खिशातून रुपयाची तीन नाणी काढून टेबलावर ठेवली. "घे. व्याज सोड आता. आणि वहीतलं नाव काट."

आम्ही दोघेही हसलो. निदान हसण्यासारखे काहीतरी केले. तो गेल्यावर मी दार लोटून बराच वेळ बसून राहिलो.

सुट्टीत पुण्याला आलो तेव्हा ट्रंकेतून वही काढली. त्याच्या नावापुढे 'बाकी ३' आणि खाली तांबड्या शाईच्या दोन रेघा. मग आदले पान उलटले. सिंहगडच्या सहलीचे. बसभाडे, चहा, ताक, सगळे पैसा पैसा लिहिलेले. भाकरीची नोंदच नव्हती. एकवीस भाकरी, ठेचा, शेंगा, धुक्यातली वाट, याला माझ्या वहीत रकाना नव्हता. ज्याने त्या सहलीत सगळ्यांत जास्त घातले होते, त्याला मी दहा जणांसमोर थकबाकीदार म्हटले होते. हिशेबाला मी पक्का, पण हा हिशेब कच्चा निघाला.

बँकेत चुकलेली नोंद खोडायची नसते. उलट नोंद करायची असते. मी निळ्या शाईने खाली लिहिले : 'भाकरी २१, ठेचा, शेंगा, वाटाड्याचे काम : जमा. किंमत लावता येत नाही. देणे आमच्याकडे निघते.' आणि तारीख टाकून सही केली. ती तीन नाणी त्याच पानात चिकटपट्टीने लावून ठेवली आहेत.

नातीने ते पान बराच वेळ बघितले. मग मोबाईल उघडून मला दाखवला. त्यात खर्च वाटून घ्यायचे एक ॲप आहे. कुणी कुणाला किती द्यायचे ते सगळ्यांना दिसते आणि दर दोन दिवसांनी आठवणीची घंटा वाजते. त्या मैत्रिणीच्या नावापुढे सत्त्याऐंशी रुपये दिसत होते. कुठल्याशा पिझ्झाचे. माझी वही निदान एकदाच वाचली गेली होती.

नातीने मला विचारून काही केले नाही, पण पुढच्या आठवड्यात तिने सांगितले की त्यांनी ते ॲप बंद केलेय आणि तीन गोष्टी ठरवल्यात. आधी आकडा ठरवायचा, मग ठिकाण. आकडा चिठ्ठीवर नाव न लिहिता मागायचा आणि सगळ्यांत लहान आकडा धरायचा. आणि ज्याला पैसे द्यायचे नसतील त्याने काहीतरी आणायचे किंवा करायचे, ते पैशांइतकेच धरायचे. एवढे नियम माझ्या बँकेने केले असते तर निम्मी कर्जे बुडाली असती. पण मैत्री ही बँक नाही, आणि कंपूचे खाते असेच चालते.

आईवडिलांना एक विनंती. या दिवसांत मुलगा किंवा मुलगी मित्रांबरोबर जायला पैसे मागेल. द्या अगर देऊ नका, तो तुमचा प्रश्न. पण पैसे देताना एवढेच विचारा, "येत कोण नाहीये?" नाव कळले की कारण विचारा. कारण पाहुण्यांचे निघाले तर आकडा जरा खाली आणायला सांगा.

माझा मित्र आता निवृत्त होऊन गावी भातशेती बघतो. दर कोजागरीला रात्री बाराला त्याचा फोन येतो. गेल्या वर्षी गच्चीवर पोरांचा गोंधळ चालला होता, ढगांतून चंद्र मधूनमधून डोकावत होता. फोन वाजला तेव्हा त्याला मागचा आरडाओरडा ऐकू गेला. "किती जण आहेत रे?" त्याने विचारले.

मी मोजले. "आठच्या आठ," मी म्हणालो.